बोटीच्या इंजिनाचं ऑईल कसं बदलायचं: कृष्णाकाठच्या नवशिक्यांसाठी

चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात नदीकाठी वाढलेल्या माणसाला डिझेल इंजिन नवं नसतं. मळ्यातल्या पंपाचं इंजिन लहानपणापासून बघितलेलं असतं, हँडल मारून सुरू केलेलं असतं आणि चेंबरचा, म्हणजे तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याचा, नट सोडून त्याचं काळं ऑईल घमेल्यात उतरवलेलंही असतं. त्यामुळं हातात पहिल्यांदा इनबोर्ड, म्हणजे आतच इंजिन बसवलेली, बोट आली की वाटतं, यात काय शिकायचं? इंजिन तर तेच.

इंजिन तेच असलं तरी जागा वेगळी असते. मळ्यातलं इंजिन कट्ट्यावर बसवलेलं असतं आणि त्याच्याखाली घमेलं सरकवायला जागा असते. बोटीत इंजिन बोटीच्या पोटात, अगदी तळाला टेकून बसवतात. चेंबरचा नट असला तरी तिथं पाना फिरत नाही. पाना फिरला तरी ऑईल धरायला खाली काही ठेवता येत नाही. त्याच्याखाली फक्त बोटीचं बूड आणि बुडाखाली नदी. बोटीचं ऑईल खालून सोडायचं नसतं, ते वरून ओढून काढायचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात.

मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी मी कसाबसा हात घालून नट सैल केला. ऑईल बुडात साचू दे, मग फडक्यानं टिपून घेऊ, असा माझा हिशेब. बोटीच्या बुडात साचलेलं पाणी आपोआप बाहेर टाकणारा छोटा पंप असतो, त्याचं बटण चालूच राहिलं होतं. पंपाला पाणी काय आणि ऑईल काय, दोन्ही सारखंच. मी पाना शोधत असताना तो सुरू झाला आणि जवळजवळ दोन लिटर काळं ऑईल त्यानं कृष्णेत फेकलं. पाण्यावर जांभळी-हिरवी साय पसरत पसरत खालच्या घाटापर्यंत गेली. तिथं बायका धुणं धूत होत्या आणि एक जण म्हशी धूत होता. त्या सगळ्यांना पाण्यातून बाहेर यायला सांगायला मी काठानं पळत गेलो. तो दिवस मी विसरलेलो नाही. हा लेख लिहायचं निम्मं कारण तेच आहे.

केव्हा बदलायचं

इंजिनाच्या पुस्तकात तास दिलेले असतात, तेच प्रमाण मानायचं. लहान डिझेल बोट-इंजिनांना साधारणपणे पहिली बदली ५० तासांच्या आसपास आणि त्यानंतर १०० ते २५० तासांनी सांगितलेली असते. तेवढे तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलायचंच. तासाचं मीटर नसेल तर एक वही करा आणि प्रत्येक दिवशी किती वेळ इंजिन चाललं ते लिहीत जा. अंदाजानं चालणाऱ्या माणसाला आपली बोट नेहमी कमीच चालल्यासारखी वाटते.

वर्षातून एकदाच बदलणार असाल तर मृग निघायच्या आधी बदला. पुष्कळ लोक पावसाळाभर बोट बांधून ठेवतात आणि दिवाळीनंतर नवं ऑईल घालतात. हे उलटं आहे. जुन्या ऑईलमध्ये नुसती काजळी नसते. डिझेल जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ आणि दमट हवेतलं पाणीही त्यात उतरलेलं असतं. असं ऑईल चार महिने बेअरिंगवर बसून राहिलं की चकचकीत धातूला डाग पडतात. बांधायच्या आधी ताजं ऑईल घालून दहा मिनिटं इंजिन चालवलं, तर आतल्या भागांवर पावसाळाभर स्वच्छ थर राहतो.

आणखी एक कारण आहे. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याकडून येणारं पाणी आणि दूधगंगेचं पाणी कल्लोळजवळ एकत्र आलं की आमच्याकडं काय होतं, ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात सगळ्यांनी बघितलंय. अशा दिवशी काठावरची चालू बोट ही साऱ्या गावाची बोट असते. तिचं इंजिन जूनमध्येच तयार असलं पाहिजे.

काय काय लागतं

सगळ्यात महत्त्वाचा ऑईल ओढायचा पंप. हातानं दांडा मारायचा, खाली डबा असलेला आणि बारीक नळी जोडलेला पंप मिळतो. दहा-पंधरा दांडे मारले की डब्यात पोकळी तयार होते आणि मग ऑईल स्वतःहून ओढलं जातं. बॅटरीवर चालणारे पंपही असतात. घेताना तो ऑईलसाठीच आहे ना, हे विचारून घ्या, पाण्याचा पंप गरम ऑईलला टिकत नाही. काही इंजिनांवर कंपनीनंच चेंबरला जोडलेला पितळी हातपंप बसवलेला असतो. आपल्या इंजिनावर तो आहे का ते आधी नीट बघा, असेल तर निम्मं काम सोपं झालं. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना नळी तोंडानं ओढायची सवय इथं अनेकांना आहे, तसं जुनं ऑईल ओढू नका. ते विषारी असतं. कातडीला वारंवार लागलेलंसुद्धा वाईट, म्हणून रबरी हातमोजे घाला.

बाकी सामान नेहमीचं: नवं ऑईल, नवा फिल्टर, फिल्टर सोडवायचा पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना, नरसाळं, दोन-तीन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, भरपूर सुती फडकी आणि जुनं ऑईल न्यायला घट्ट झाकणाचा रिकामा कॅन. पिण्याच्या पाण्याची बाटली या कामाला वापरू नका. घरात कुणीतरी ती चुकून उचलतं.

बुडात सांडलेलं टिपायला आमच्याकडं एक फुकटची वस्तू आहे, उसाची वाळकी चिपाडं. गुऱ्हाळावरचा किंवा कारखान्याचा बारीक कोरडा भुसा तेल चांगला पितो. तो मोकळा टाकू नका, पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. जुन्या शर्टाची बाही कापा, एका बाजूला गाठ मारा, भुसा भरा, दुसरी गाठ मारा आणि ही उशी इंजिनाखाली सरकवून ठेवा.

कोणतं ऑईल

दुकानात गेल्यावर 'बोटीचं ऑईल द्या' म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडं बघत राहील. इंजिनाच्या पुस्तकातला किंवा पाटीवरचा ग्रेड लिहून न्या. आजच्या बऱ्याच डिझेल इंजिनांना १५डब्ल्यू-४० चालतं आणि आपल्या हवेला ते बरोबर बसतं. यातला पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते. डब्यावर सीएच-४, सीआय-४ असं डिझेलचं मानांकन आहे का ते बघा. मोटरसायकलचं ऑईल शेजारच्याच फळीवर असतं, ते नको. जुन्या धाटणीच्या काही इंजिनांना एकाच आकड्याचं, म्हणजे नुसतं ३० किंवा ४० चं ऑईल सांगितलेलं असतं. तिथं तेच घाला.

किती लागेल तेही पुस्तकात असतं. दोन सिलिंडरच्या लहान इंजिनात दोन-तीन लिटर पुरतं, चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात आठ-दहा लिटरही जातं. फिल्टर बदलणार असाल तर त्यातलं जवळजवळ अर्धा लिटर वेगळं धरा.

आधी बोट सपाट

बोटीतलं इंजिन तिरकं बसवलेलं असतं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मागं उतरत जातो म्हणून इंजिनही मागं झुकलेलं. ऑईलची पातळी बघायच्या पट्टीवरच्या खुणा बहुतेक तो कल धरूनच केलेल्या असतात, पण बोट पाण्यावर नेहमीसारखी तरंगत असेल तरच त्या खऱ्या. आमच्याकडं बोट काठावर ओढून ठेवायची पद्धत आहे. नाक वाळूत वर आणि मागची बाजू खाली. अशा बोटीत पट्टी घालून बघितली तर ती खोटंच सांगते. तेव्हा बोट पाण्यात घ्या, दोन्ही बाजूंनी बांधा, जड सामान नेहमीच्या जागी ठेवा.

मग बुडातल्या पंपाचं बटण बंद करा. नुसतं बंद करून थांबू नका, त्यावर चिकटपट्टी लावा म्हणजे मदतीला आलेला माणूस सवयीनं दाबणार नाही. ही पायरी मी माझ्या वहीत सगळ्यात वर, लाल शाईनं लिहिली आहे. पंप बंद आहे हे लक्षात ठेवून काम फार लांबवू नका. बुडात पाणी झिरपत असेल तर ते आधीच स्वच्छ उपसून घ्या.

गरम करा, मग ओढा

थंडीतली काकवी आणि चुलीवरून उतरवलेली काकवी यांत जो फरक, तोच थंड आणि गरम ऑईलमध्ये. थंड ऑईल बारीक नळीतून चढत नाही आणि तळाशी बसलेला गाळ तसाच राहतो. म्हणून नदीत एक छोटी फेरी मारून या, दहा-पंधरा मिनिटांची. इंजिन सुरू करण्याआधी नदीचं पाणी इंजिनात घेणारा कॉक उघडा आहे ना ते बघा आणि सुरू झाल्यावर मागच्या धुराबरोबर पाणी बाहेर पडतंय याची खात्री करा. पाणी आलं नाही तर लगेच बंद करा, पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला तर मिनिटांत फाटतो. पेट्रोलचं इंजिन असेल तर सुरू करण्याआधी इंजिनाची फळी उघडून पेट्रोलचा वास येतोय का बघा आणि हवा बाहेर काढणारा पंखा चार-पाच मिनिटं चालवा. बोटीच्या पोटात साचलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं पेटते.

परत आल्यावर इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला आणि दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात वरच्या भागातलं ऑईल खाली उतरतं आणि थोडं निवतंही.

आता ऑईलची पट्टी बाहेर काढा. पट्टीच्या लांबीइतकं माप पंपाच्या नळीवर घेऊन तिथं रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. नळी पट्टीच्याच भोकातून हळूहळू आत सोडा. खूण जवळ आली की बोटांना तळ लागल्याचं कळतं. तळ लागला की नळी अर्धं बोट वर घ्या, नाहीतर तिचं तोंड तळाला चिकटतं आणि काही ओढलं जात नाही. मग दांडे मारा आणि वाट बघा. नळीतून आधी बुडबुडे येतात, मग काळी धार चढते.

घाई करू नका. धार तुटल्यावर नळी थोडी फिरवून, वर-खाली करून बघा. मदतीच्या माणसाला एकदा बोटीच्या मागच्या टोकाला आणि एकदा पुढं बसायला सांगा. बोट झुकते तशी चेंबरच्या कोपऱ्यातलं राहिलेलं ऑईल नळीच्या तोंडाशी येतं. शेवटी डब्यात किती आलं ते मोजा. पुस्तक चार लिटर म्हणतंय आणि डब्यात तीनच आलंय, तर बाकीचं आतच आहे. अशा वेळी वरून पूर्ण चार लिटर ओतलं तर ऑईल जास्त होतं आणि त्याचा त्रास कमी ऑईलइतकाच वाईट: फिरता क्रँक ऑईलवर आपटतो, फेस होतो आणि सील गळायला लागतात.

जुन्या ऑईलकडे बघा

इथं पाच मिनिटं जास्त द्या. काढलेलं ऑईल लगेच कॅनमध्ये ओतून मोकळं होऊ नका. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका, बोटांत चोळून बघा, वास घ्या.

काळं असणं हा दोष नाही. डिझेल इंजिनात नवं ऑईलसुद्धा काही तासांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. ऑईल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं दिसलं तर मात्र थांबा. त्यात पाणी गेलेलं आहे. हेड गॅस्केट गेलं असेल, ऑईल थंड करणारा कूलर आतून फुटला असेल, नाहीतर धुराच्या नळीतून पाणी उलटं इंजिनात शिरलं असेल. नुसतं ऑईल बदलून हे बरं होत नाही. कारण सापडेपर्यंत बोट चालवू नका. ऑईल पातळ लागलं, डिझेलचा वास आला आणि बदलायच्या आधीच पट्टीवर पातळी वाढलेली दिसली असेल तर डिझेल चेंबरमध्ये उतरतंय: डिझेल पंपाचा पडदा किंवा इंजेक्टर मेस्त्रीला दाखवा. उन्हात धरल्यावर चमकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजतंय.

फिल्टर

फिल्टर बऱ्याचदा आडवा किंवा तिरका बसवलेला असतो, त्यामुळं सोडवताना ऑईल सांडतंच. आधी पाना लावून फक्त एक आटा सैल करा. मग पाना बाजूला ठेवा, फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीच्या बाहेरून हातानं फिरवत काढा. सांडेल ते पिशवीत. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिल्टर फिरवायची युक्ती काही जण सांगतात. बोटीत ती करू नका, पत्रा फाटतो आणि सगळं ऑईल बुडात जातं.

फिल्टर निघाल्यावर त्याचा रबरी वायसर त्याच्यासोबत आला का ते बघा. पुष्कळदा तो इंजिनालाच चिकटून राहतो आणि काळ्यावर काळा असल्यामुळं दिसत नाही. त्यावर नव्या फिल्टरचा दुसरा वायसर बसला की सुरू केल्याबरोबर ऑईल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हाताचं बोट फिरवून जागा चाचपा, फडक्यानं कोरडी करा. नव्या वायसरला नव्या ऑईलचं बोट लावा, फिल्टर हातानं बसवा आणि वायसर टेकला की आणखी पाऊण फेरा आवळा. फिल्टरच्या अंगावर वेगळं लिहिलेलं असेल तर त्याप्रमाणं. आवळायला पाना नको, पुढच्या वेळी सुटणार नाही.

नवं ऑईल

ओतायला दोन माणसं लागतात. एकानं नरसाळं धरायचं, दुसऱ्यानं पट्टी बघायची. माझ्याबरोबर काम करणारे मामा कानडी बोलतात, मी मराठी. पट्टीवर ऑईल वरच्या खुणेच्या जवळ आलं की ते 'साकु!', म्हणजे 'पुरे!', म्हणतात आणि मी डबा सरळ करतो. एवढ्या कामाला तेवढी भाषा पुरते.

काढलं त्यापेक्षा अर्धा-पाऊण लिटर कमीच आधी ओता. पाच मिनिटं खाली उतरू द्या. पट्टी पुसून घाला, काढा, बघा. मग थोडं थोडं वाढवत दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा.

झाकण लावा आणि इंजिन सुरू करा. ऑईलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, काटा असेल तर वर चढला पाहिजे. नाही चढला तर लगेच बंद करा. सुरू होत नाही म्हणून स्टार्टर लांबलचक फिरवत बसू नका. इंजिन न पेटता फिरलं तर नदीचं पाणी सायलेन्सरमध्ये साचत जातं आणि तिथून उलटं सिलिंडरमध्ये येऊ शकतं. दोन-तीन मिनिटं मंद चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी बघा. रिकामा फिल्टर भरल्यामुळं पातळी खाली आलेली असते, तेवढं भरा.

गिअर बॉक्सचं ऑईल वेगळं असतं. त्याची पट्टीही वेगळी. तिथं काही ठिकाणी इंजिन ऑईल, काही ठिकाणी लाल पातळ ऑईल लागतं, तेव्हा पुस्तक बघितल्याशिवाय हात लावू नका.

जुनं ऑईल कुठं न्यायचं

गावात याला मागणी असते. सेंट्रिंगच्या फळ्यांना, गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून, काटेरी झुडपं जाळायला, सगळ्यासाठी लोक मागतात. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. पहिल्या पावसात ते वाशावरून उतरून विहिरीकडं किंवा नदीकडं जातं आणि आपण तेच पाणी पितो. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचरा म्हणून धरलेलं आहे आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडंच जायला हवं. एकट्या माणसाला तिथवर जाता येत नाही, पण चिकोडी, निपाणी, बेळगावच्या मोठ्या गॅरेजमध्ये जुन्या ऑईलचं पिंप असतं आणि ते न्यायला गाडी येते. कॅन घेऊन जा, पिंपात ओतायला परवानगी मागा आणि पुढं ते ऑईल कोण नेतं हेही विचारा. त्यात डिझेल, पाणी, कूलंट मिसळू नका, मिसळलेलं कुणी घेत नाही. जुना फिल्टर रात्रभर कॅनच्या नरसाळ्यात उलटा ठेवा म्हणजे त्यातलंही निथळतं. तेल प्यायलेली भुशाची उशी पिशवीत बांधून त्याच गॅरेजला द्या, चुलीत घालू नका.

वहीत तारीख, तास, ऑईलचा ग्रेड, किती काढलं आणि किती घातलं ते लिहा. फिल्टरवरही खडूनं नाही, रंगानं तारीख घाला. ओल्या हवेत खडू राहत नाही.

बुडात उतरून ऑईलचा थेंबही राहिलेला नाही हे हातानं पुसून बघितल्यावरच पंपावरची चिकटपट्टी काढा आणि बटण पुन्हा चालू करा. मग नदीत एक फेरी मारून या, इंजिन बंद करा आणि फिल्टरच्या बुडाशी, वायसरच्या कडेनं कोरडं बोट फिरवा. बोट कोरडंच आलं तर इंजिनावरच्या फळ्या लावा.